निरीक्षणाखालचा संगणक

सासरा आणि सून भांडायला लागले तर शेजारीपाजारी मधे पडतात. दोघं एकमेकांशी सभ्यपणे वागायला लागले तर मात्र कोणी वाली नसतो. त्या घरात दोन महिने हेच चाललं होतं. सूनबाई पाणी प्यायला उठली की घड्याळकाका म्हणायचे, "तुम्ही बसा, मी आणतो." ती म्हणायची, "छे छे, तुम्ही बसा." मग दोघंही उभे राहायचे आणि पाणी कोणीच प्यायचं नाही. खिडकी उघडी ठेवायची की लावायची यावर एकदा पाऊण तास गेला, कारण दोघांचं म्हणणं एकच होतं: तुम्ही म्हणाल तसं.

घरात माणसं तीन. त्यातला नवरा पुलांच्या बांधकामांवर देखरेख करायचा, त्यामुळे महिन्यातले वीस दिवस तो कुठल्या तरी नदीच्या काठी. सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली होती. उरले हे दोघं. सगळी गल्ली ज्यांना घड्याळकाका म्हणायची त्या सासऱ्यांची घरात कोणाशी बोलायची सवय सुटली होती, आणि सूनबाईला अजून लागायची होती. ती त्यांना 'बाबा' म्हणायची खरी, पण इतक्या हळू, की ते त्यांना ऐकू जायचं की नाही याची तिला स्वतःलाच शंका होती.

घराची पुढची खोली म्हणजे काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. भिंतीवर, फळीवर, खुंटीवर चाळीसेक घड्याळं, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. एकात सकाळ झालेली, तर शेजारच्यात दिवेलागण. नवख्या माणसाला तिथे गरगरायला व्हायचं. काका फक्त स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ खरं मानत. बाकी सगळे पेशंट. आणि दुरुस्तीचा त्यांचा एक नियम होता, जो त्यांनी चाळीस वर्षांत कोणासाठी मोडला नव्हता. घड्याळ आलं की आठ दिवस त्याला हात लावायचा नाही. नुसतं टांगायचं, रोज ठरल्या वेळी बघायचं, किती पुढे पळालं, किती मागे पडलं ते खिशातल्या वहीत टिपून ठेवायचं. "आधी त्याचं ऐकून घ्यायचं," ते म्हणत, "मग आपण बोलायचं." मधेच कोणी काटे सरकवले तर सगळं निरीक्षण पाण्यात.

नव्याने घरात आलेल्या मुलीला भांडी कुठे आणि टॉवेल कुठे ते सगळे सांगतात, असलं काही कोणी सांगत नाही. दुसऱ्याच सकाळी सूनबाईला दातांच्या डॉक्टरीणबाईंचं लंबकाचं घड्याळ सात मिनिटं मागे दिसलं. आपला घरात काही उपयोग व्हावा म्हणून ती खुर्चीवर चढली, घड्याळ बरोबर लावलं आणि वर फडक्याने पुसूनही काढलं. निरीक्षणाचा तो सातवा दिवस होता. काकांनी घड्याळाकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, "असू द्या, असू द्या. पुन्हा पडेल ते मागे." संध्याकाळी नवऱ्याने तिला आठ दिवसांचं प्रकरण समजावून सांगितलं तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मनाशी गाठ बांधली: या घरात घड्याळाला हात लावायचा नाही, आणि घड्याळाबद्दल अवाक्षरही काढायचं नाही.

लग्नाआधी सूनबाई शाळेत भूमिती शिकवायची. नुसती शिकवायची नाही, त्यात रमायची. दोन महिने फळ्यापासून लांब राहून तिला अगदी चुकल्या चुकल्यासारखं होत होतं. दोन शाळांनी जागा नाही म्हणून कळवलं होतं. तिसरी शाळा घरून शिकणाऱ्या मुलांची होती. मुलं आपापल्या घरी, शिक्षक आपल्या घरी, मधे संगणकाचा पडदा. तिथे एकच जागा होती. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मुख्याध्यापिकाबाई आणि आणखी दोघांसमोर तिने वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. पडद्यावर आकृत्या काढायच्या असल्यामुळे फोन चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. तारीखही बदलणार नव्हती. ही जागा हुकली तर थेट पुढचं वर्ष.

आणि रविवारी दुपारी तिच्यासाठी चहा घेऊन येताना घड्याळकाकांचा पाय वायरीत अडकला. अख्खा कप तिच्या लॅपटॉपवर. लॅपटॉपने एकदा फुर्र केलं आणि डोळे मिटले.

"असू द्या," सूनबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"नाही, पण…" काकांचा चेहरा बघवत नव्हता. "भाजलं नाही ना तुम्हाला?"

"नाही, नाही. तुम्हाला?"

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवालीने लॅपटॉप उलटा करून हलवला, त्यातून दोन थेंब पडले ते बघितले आणि दहा दिवस लागतील म्हणून सांगितलं. तिचं दुकान म्हणजे दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं, तिथे बसून शिकवणं शक्यच नव्हतं. मग काकांनीच विचारलं, "माळ्यावर मुलाचा कॉलेजमधला जुना संगणक आहे. तो चालेल?"

"किती जुना, काका?"

"माझ्या मानाने तरुण आहे."

कॉम्प्युटरवाली हसली. तिने ड्रॉवरमधून एक पेन ड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला. "त्यावरची जुनी सिस्टीम आता कसल्याच कामाची नाही. ही टाका. फुकट आहे, आणि जगभरच्या लोकांनी मिळून हौसेने बनवली आहे. म्हाताऱ्या यंत्रावरसुद्धा पळते. याच्यावरून चालू करायचं, बाकीचं सामान ती स्वतःच नेटवरून ओढून घेते. वहिनी, तुम्हाला जमेल. एका तासाचं काम."

एका तासाचं काम! सोमवारी सकाळी दोघांनी तो लोखंडी पेटारा माळ्यावरून उतरवला, पुसला, दुकानामागच्या खोलीतल्या टेबलावर मांडला आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, आतून एक शीळ आली, आणि पडद्यावर इंग्रजीत काहीबाही आलं. खाली लिहिलं होतं: पुढे जाण्यासाठी F1 दाबा. सूनबाईने दाबलं. मग सेटिंगचं निळं पान उघडलं. पेन ड्राइव्हवरून आधी सुरू हो, असं यंत्राला तिथेच सांगायचं होतं.

त्या निळ्या पानाच्या माथ्यावर तारीख आणि वेळ होती. बाहेर सकाळचे दहा वाजून गेले होते, ऊन टेबलापर्यंत आलं होतं, आणि पानावर लिहिलं होतं: एक जानेवारी, मध्यरात्र उलटून दोन मिनिटं, आणि साल चांगलं वीस वर्षांपूर्वीचं.

सूनबाईने तोंड उघडलं. मग तिला डॉक्टरीणबाईंचं घड्याळ आठवलं. तिने तोंड मिटलं. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकांकडे पाहिलं. ते पानाच्या माथ्याकडेच बघत होते आणि काही बोलत नव्हते. घड्याळांतला एवढा जाणता माणूस गप्प आहे, त्या अर्थी ते तसंच असायचं असेल, असं म्हणून ती पुढे गेली.

सिस्टीम छान सुरू झाली. भाषा विचारली, नाव विचारलं, डिस्क पुसू का म्हणून अदबीने विचारलं. हिरवी पट्टी सरकत सरकत निम्म्यावर आली, नेटवरून सामान ओढायची वेळ झाली, आणि पट्टी थांबली. पडद्यावर चौकट आली: फायलींचा साठा सदोष आहे.

"सदोष म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे जिथून सामान घ्यायचं तिथेच काहीतरी बिघडलंय, बहुतेक. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही म्हणाल तसं."

ती म्हणाली परत करू, म्हणून परत केलं. पुन्हा तीच चौकट. दुपारभरात चार वेळा तीच चौकट. संध्याकाळ व्हायच्या आत काकांनी नेहमीच्या शिस्तीने भिंतीवरचं बटण बंद केलं. काम नसताना घरातली कोणतीही वीज ते चालू ठेवत नसत.

मंगळवारी यंत्र सगळं विसरलं होतं. पेन ड्राइव्हवरून सुरू हो म्हणून काल सांगितलेलं त्याच्या गावीही नव्हतं. पुन्हा शीळ, पुन्हा F1, पुन्हा निळं पान, पुन्हा एक जानेवारी. "वय झालंय," काका सहानुभूतीने म्हणाले, "आदल्या दिवशीचं राहत नाही लक्षात." त्या दिवशी त्यांनी नेटची वायर बदलली. पेन ड्राइव्ह बदलून आणला. सूनबाईने कॉम्प्युटरवालीकडे जाऊन सिस्टीमची फाइल नव्याने उतरवून घेतली. काकांनी पेटारा उघडून मऊ ब्रशने पंख्यातली धूळ अशी निगुतीने काढली, की बघत राहावं. पण चौकट मात्र जिथल्या तिथे.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना. बुधवारी तिने कॉम्प्युटरवालीला फोन लावला.

"नेट चालतंय का, वहिनी?"

"चालतंय."

"मग साठा बदला. यादी येते ना, त्यातला दुसरा निवडा."

त्यांनी दुसरा निवडला. तिसरा निवडला. समुद्रापलीकडचे दोन निवडले. सगळे सदोष.

"असं कसं होईल?" कॉम्प्युटरवाली फोनवर म्हणाली. "रोज लाखभर माणसं तिथून सामान घेतात. प्रत्येक साठ्यावर तारखेचा शिक्का असतो, तो तपासूनच यंत्र फाइल उचलतं. साठे नाही बिघडलेले. तुमच्याकडेच कुठेतरी माशी शिंकतेय."

दुपारी नवऱ्याचा फोन आला. मागे नदीचा आवाज होता. "काय चाललंय दोघांचं?"

"ठीक चाललंय," सूनबाई म्हणाली.

"ठीक चाललंय," काकाही फोनजवळ वाकून म्हणाले.

नवऱ्याला दोघांच्या 'ठीक'चा पुरेपूर अनुभव होता. तो म्हणाला, "अगं, नसेल जमत तर शाळेला कळव ना. पुढच्या वर्षी बघू." तो समजुतीनेच म्हणाला होता, पण सूनबाईला पुढच्या वर्षी शिकवायचं नव्हतं. तिला आत्ता शिकवायचं होतं. तिने शाळेला लिहायला घेतलं, 'काही अडचणीमुळे' इथवर आली आणि फोन उपडा ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी आठला शेवटचा प्रयत्न. शीळ, F1, निळं पान. आठ चाळीसला हिरवी पट्टी निम्म्यावर आली. दोघं श्वास रोखून बघत होते. चौकट आली.

सूनबाईने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यात डोकं घातलं. काका हळूच म्हणाले, "असू द्या, सूनबाई." आणि त्यानंतर तिला कागदाची सळसळ ऐकू आली. तिने मान वर केली. काका खिशातून वही काढून काहीतरी लिहीत होते.

"काय लिहिताय?"

"काही नाही." वही पाठीमागे गेली.

"दाखवा."

"अहो, काही नाही. माझं आपलं…"

"दाखवा म्हणते ना!"

दोन महिन्यांत त्या घरात एवढा मोठा आवाज झाला नव्हता. काकांनी शाळकरी पोरासारखी वही पुढे केली. सूनबाईने वाचलं. डॉक्टरीणबाईंच्या घड्याळाखाली, शाळेच्या घंटेच्या घड्याळाखाली, काकांच्या बारीक नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'संगणक. सोमवार, वीज बंद केल्यावर शून्यावर येतो. मंगळवार, पुन्हा शून्यावर. बुधवार, शून्यावर, चालू असताना तासाला एक सेकंद पुढे. गुरुवार, शून्यावर. निरीक्षण चालू.'

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" ती उभीच राहिली.

"ते घड्याळ मेलंय हे सोमवारीच दिसलं मला. बघून कळतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"आठ दिवस व्हायचे होते," काका चाचरत म्हणाले. "आणि तुम्ही एवढ्या नाजूक कामात. त्यात मी आपलं घड्याळाचं तुणतुणं कशाला लावू? तुम्हालाही दिसत होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून म्हटलं, संगणकाला वेळेचं काय सोयरसुतक नसेल."

"मी बोलू? मी? घड्याळाबद्दल? तुमच्यासमोर?" सूनबाईचा आवाज दर शब्दाला एक पायरी चढत होता. "त्या डॉक्टरीणबाईंच्या घड्याळानंतर मी या घरात किती वाजले म्हणूनसुद्धा विचारत नाही! मला वाटलं तुम्ही ते मुद्दाम तसं ठेवलंय! चार दिवस! चार दिवस मी तोंडात मूग गिळून…"

ती मधेच थांबली. तिचे ओठ हलत राहिले, आवाज गेला.

"काय झालं?" काका घाबरले.

"शिक्का," ती म्हणाली. "तारखेचा शिक्का. बाबा, साठ्यांवर आजची तारीख आहे. आणि हा शहाणा वीस वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीत बसलाय. वीस वर्षांनंतरच्या तारखेचं पाकीट कोणी आणून दिलं तर तुम्ही घ्याल का? खोटं आहे म्हणाल. तो तेच म्हणतोय! साठे चांगले आहेत. याचं घड्याळ बंद आहे!"

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग भिंतीपलीकडे चाळीस घड्याळं टकटकत होती तिकडे बघितलं. आणि त्यांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग मिश्या, मग ते स्टुलावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. "घड्याळजीच्या घरात!" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "घड्याळजीच्या घरात चार दिवस!" सूनबाईला रडायचं होतं, पण तिलाही हसूच आलं, आणि एकदा आल्यावर आवरेना. दोघांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुढच्या खोलीत कोणी तरी गिऱ्हाईक येऊन दारातून डोकावलं आणि हे काय चाललंय न कळून परत गेलं.

"किती वाजले?" सूनबाईने डोळे पुसत विचारलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"आठ बावन्न." काका उठले. आता ते स्वतःच्या मुलखात आले होते. "घड्याळ आहे म्हणजे सेल आहे, आणि सेल आहे म्हणजे तो संपतो. वायर काढ. ती बॅटरी घे, इथे उजेड मार. अगं, इथे नाही, इकडे, कोपऱ्यात!"

'अहो सूनबाई'चं 'अगं' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पेटाऱ्यात डोकं घातलं. हिरव्या पाटीच्या कोपऱ्यात रुपयाएवढा चकचकीत सेल बसला होता. काकांनी चिमट्याच्या टोकाने त्याची कड उचलली, तो टुणकन हातात आला. मीटरला लावला. काटा जागचा हलला नाही. "मेलाय," ते समाधानाने म्हणाले. त्यांच्या ड्रॉवरमध्ये असले सेल पाकिटावारी होते. नवा बसवायला त्यांना पाच सेकंदही लागले नाहीत. ज्यासाठी दोघांनी चार दिवस देशोदेशीचे साठे पालथे घातले होते, ते औषध चार पावलांवरच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं.

शीळ. निळं पान. सूनबाईने तारीख लावली, साल लावलं, आणि वेळ टाकायला हात पुढे केला.

"थांब," काका मनगटाकडे बघत म्हणाले.

"बाबा, नऊ वाजलेत!"

"नऊ वाजायला चाळीस सेकंद आहेत. लावायची तर नीट लावू. थांब. थांब. आत्ता!"

हिरवी पट्टी सरकायला लागली. निम्म्यावर आली. सूनबाईने काकांची बाही धरली. पट्टी निम्म्यावर थांबलीच नाही. ती पुढे गेली, आणि खाली फायलींची नावं अशी भराभरा धावायला लागली, की दोघांनी एकदमच "अरे वा!" म्हटलं. ते साठे किती चांगले होते! समुद्रापलीकडची कोण कुठली माणसं, त्यांनी हौसेने बनवून ठेवलेलं सामान या मागच्या खोलीत येऊन पडत होतं, आणि त्यांना याची खबरही नव्हती.

दहा चाळीसला नवी सिस्टीम निळ्याशार पडद्यासकट सुरू झाली. मुलाच्या कपाटातला छोटा कॅमेरा लावल्याबरोबर सिस्टीमने ओळखला. सूनबाईने केस सारखे केले, आकृत्यांचा प्रोग्रॅम उघडला, त्रिकोण काढून बघितला, पुसला. मग तिला काहीतरी चमत्कारिक वाटलं. काय ते आधी कळेना. मग कळलं: घर शांत होतं.

ती दुकानात गेली. काका स्टुलावर उभे राहून शेवटच्या घड्याळाचा लंबक बोटाने थांबवत होते. चाळीसही घड्याळं बंद होती.

"बाबा! तुमचं निरीक्षण!"

"त्यातली नऊ घड्याळं ठोके देतात. कधी कुठलं देईल नेम नाही. तू शिकवत असताना एखाद्याने बाराचे ठोके दिले तर?" ते खाली उतरले. "पुन्हा लावू आठ दिवस. जा तू, उशीर होईल."

अकराला पडद्यावर तीन चेहरे आले. मधे मुख्याध्यापिकाबाई, दोन्ही बाजूंना दोन शिक्षक. तिघंही विद्यार्थी म्हणून बसले होते, पण असे मख्ख, की असले विद्यार्थी कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. सूनबाईने त्रिकोणी मैदान काढलं. म्हणाली, "समजा, आपण या मैदानाच्या कडेकडेने चालतोय. प्रत्येक कोपऱ्यावर वळायचं. जिथून निघालो तिथे परत यायचं आणि तिथेही वळून पहिल्यासारखं उभं राहायचं. तर एकूण किती अंश वळलो आपण?"

तिघांपैकी कोणी पापणी हलवली नाही. उत्तर त्यांना माहीत होतं, म्हणून ते देत नव्हते. सूनबाईने पुन्हा विचारलं.

"एकशे ऐंशी!" दाराबाहेरून आवाज आला.

मुख्याध्यापिकाबाईंच्या भुवया वर गेल्या. "कोण आहे ते?"

आठवडाभरापूर्वीची सूनबाई असती तर माफी मागून मोकळी झाली असती. पण वर्गात कोणी उत्तर दिलं की तिला दुसरं काही सुचत नसे. ती दाराकडे वळली. "चूक," ती म्हणाली. "आत या. कसं आलं एकशे ऐंशी?"

घड्याळकाका आत आले. कान लाल झाले होते, पण मुद्दा सोडायची तयारी नव्हती. "चूक कसं? त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी. शाळेत छड्या खाऊन पाठ केलंय."

"पाठ केलेलं राहू द्या. चालून दाखवा. हे टेबल, ते कपाट आणि ती खुर्ची, हे तुमचं मैदान. टेबलापासून निघा. तोंड कुठे आहे?"

"कपाटाकडे."

"चला."

काका चालले. कपाटाशी पोचल्यावर ते खुर्चीकडे वळले. "थांबा," ती म्हणाली, "किती वळलात? हाताने दाखवा." त्यांनी हात आधी समोर, भिंतीकडे धरला, मग फिरवत खुर्चीकडे आणला. बराच फिरला. "अरेच्चा," ते म्हणाले. खुर्चीशी पुन्हा तेवढाच. टेबलाशी परत आले आणि वळून उभे राहिले.

"आता तोंड कुठे?"

"कपाटाकडेच." काका थबकले. त्यांनी मागे बघितलं, खाली पायांकडे बघितलं, आणि मग त्यांचा हात आपोआप हवेत एक अख्खा गोल काढून आला. "अगं, मी पूर्ण फिरलो की! अख्खी गिरकी! तीनशे साठ!"

"मग एकशे ऐंशी कुठले?"

"ते आतले कोन. मी तर बाहेरून वळत होतो." काका आता कॅमेऱ्याकडे वळून मुख्याध्यापिकाबाईंनाच समजावून सांगायला लागले. "बघा हं बाई, गंमत आहे. आतला कोन लहान असला ना, की वळावं जास्त लागतं…"

दोन्ही बाजूंचे शिक्षक हसत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. "या जागेसाठी सहा जणांनी शिकवून दाखवलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी आम्हाला बरोबर उत्तरं सांगितली. चुकलेल्या माणसाचं काय करायचं ते तुम्ही पहिल्यांदा दाखवलंत. सोमवारपासून या. म्हणजे घरीच बसा, पण या."

पडदा बंद झाला. सूनबाई खुर्चीत तशीच बसून राहिली. तिला ओरडावंसं वाटत होतं, म्हणून ती ओरडली. काका घाबरून मागे सरले आणि मग तेही ओरडले.

थोड्या वेळाने ते तिच्यासमोर स्टुलावर बसले. हसू ओसरलं होतं. "तुझी सासू गेल्यापासून या घरात मला कोणी चूक म्हणालं नव्हतं गं," ते म्हणाले. "आठ वर्षं मी जे बोलीन ते बरोबर. कंटाळा आला होता."

सूनबाईने त्यांच्याकडे बघितलं.

"विचार ना अजून एखादं," काका म्हणाले.

"चौकोनी मैदानाला फेरी मारली तर किती वळाल?"

काकांनी डोळे मिटून बोटं मोजली. तीन कोपऱ्यांचे तीनशे साठ, म्हणजे एकाचे एकशे वीस, आणि कोपरे चार. "चारशे ऐंशी!"

"चूक!" सूनबाई म्हणाली.

काका खूश होऊन उठले, आणि टेबलापासून चालायला लागले.